गोळी न फोडता तिची मजबुती आवाजावरून कळते का? कॉम्प्रेशनवाल्यांनो, जरा सांगा

टरेट_४५

नमस्कार मंडळी. मी वाळूजला एका प्लांटमध्ये कॉम्प्रेशनला, म्हणजे पावडर दाबून गोळ्या काढायच्या विभागात आहे, कंपनीचं नाव विचारू नका. आमच्याकडे पॅरासिटामॉल ५०० ची गोळी चालते, १२ एमएम गोल, दोन्ही बाजूंनी फुगीर, मधोमध साधारण ५ एमएम जाड, वरून फिल्म कोटिंग. आणि गेल्या काही बॅचपासून एकच डोकेदुखी सुरू आहे. आयपीक्यूसीत (मशीन चालू असताना मधूनमधून होणारी तपासणी) सगळं ठणठणीत असतं, हार्डनेस (गोळी मोडायला लागणारा जोर) लिमिटमध्ये, फ्रायबिलिटी (ड्रममध्ये फिरवून झीज बघायची) पास, जाडी-वजन बरोबर, आणि दुसऱ्या दिवशी माल कोटिंग पॅनमध्ये टाकला की थोड्याच वेळात टोप्या उडायला लागतात, म्हणजे गोळीचा वरचा थर सुटून येतो. मग पॅन थांबवा, गोळ्या निवडायला माणसं बसवा, डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याची नोंद) लिहा आणि शेवटी खापर कॉम्प्रेशनवर. कोटिंगवाले म्हणतात तुमची गोळीच कच्ची, आम्ही म्हणतो तुमचा पॅन जास्त पळतो, हे रोजचंच झालंय.

त्यात आमचे साहेब मुंबईला प्रदर्शन बघून आले आणि तिथे कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की अल्ट्रासाउंडने गोळी न फोडता तिची मजबुती कळते, मशीन चालू असतानाच. लगेच मला हुकूम, "माहिती काढ आणि दोन पानांची नोट दे." गुगलवर बघितलं तर पेपरच पेपर, आणि त्यात अर्धं गणित.

आमचं मशीन ४५ स्टेशनचं (गोळी दाबायच्या ४५ जागांचं) सिंगल रोटरी, ४० आरपीएमला चालवतो, म्हणजे मिनिटाला १८०० गोळ्या, अर्ध्या तासाला ५४ हजार. त्या ५४ हजारांतल्या १० आम्ही टेस्टरमध्ये चिरडतो आणि बाकीच्या चांगल्या आहेत असं बीएमआरमध्ये (बॅचच्या नोंदवहीत) लिहितो. हे कुठेतरी खटकतं हे खरं. पण आवाजावरून हार्डनेस म्हणजे नेमकं काय मोजतात? टेस्टर काढून टाकता येईल का? आणि ऑडिटर आला तर त्याला काय सांगायचं? कुणी प्रत्यक्ष हात घातलेला असेल तर प्लीज लिहा, ब्रोशरमधलं नको.

लहरी_माणूस

मी मूळचा एनडीटीवाला, म्हणजे वस्तू न फोडता तपासणारा, आधी वेल्डिंगचे जोड अल्ट्रासाउंडने तपासायचो, नंतर पावडर कॉम्पॅक्शनकडे वळलो, त्यामुळे यातला दोन्हीकडचा थोडाथोडा अनुभव आहे. लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

पूर्वी गाडी स्टेशनात थांबली की रेल्वेचा माणूस हातोडी घेऊन चाकाचाकावर ठोका मारत जायचा, अख्खं चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. तत्त्व तेवढंच आहे, फक्त इथे ठोका मेगाहर्ट्झचा आणि ऐकणारा कान म्हणजे ट्रान्सड्यूसर, आवाज सोडणारा आणि पकडणारा सेन्सर.

सगळ्यात सोपी पद्धत अशी. गोळीच्या एका बाजूला एक ट्रान्सड्यूसर, दुसऱ्या बाजूला दुसरा. एकाने पल्स सोडायचा, दुसऱ्याने पकडायचा, मधे किती वेळ लागला ते मोजायचं. दाबलेल्या गोळीत आवाजाचा वेग साधारण सेकंदाला एक ते दोन हजार मीटरच्या दरम्यान असतो, फॉर्म्युला आणि पोरॉसिटीप्रमाणे (आतल्या पोकळीप्रमाणे) बदलतो. तुमची गोळी ५ एमएमची, वेग १५०० धरला तर पल्स पार व्हायला लागले ३.३ मायक्रोसेकंद. जाडी भागिले वेळ केलं की वेग आला. वेगाचा वर्ग गुणिले घनता केलं की कडकपणाचा आकडा, म्हणजे मॉड्युलस. घनता १३०० किलो प्रति घनमीटर धरून तो साधारण २.९ गिगापास्कल येतो.

आता इथेच तुमच्या साहेबांची गल्लत होतेय. हा जो आकडा आला तो गोळी किती ताठ आहे ते सांगतो, ती किती जोरात मोडेल ते नाही सांगत. टेस्टरमध्ये गोळी आडवी दाबून मोडते तेव्हा आपण बघतो तो मोडण्याचा जोर, आणि तोही गोळीच्या आकारावर अवलंबून. म्हणून तर सपाट गोळीसाठी फेल आणि न्यूटन यांचं १९७० चं सूत्र वापरतात, दुप्पट जोर भागिले पाय (३.१४), व्यास आणि जाडी यांचा गुणाकार. १० एमएम व्यासाची ४ एमएम जाडीची सपाट गोळी १०० न्यूटनला मोडली तर टेन्साइल स्ट्रेंग्थ येते १.५९ मेगापास्कल. तुमची फुगीर आहे, तिला हे सूत्र चालत नाही, तिच्यासाठी पिट आणि मंडळींचं १९८८ चं वेगळं समीकरण आहे.

मग वेगाचा आणि मजबुतीचा संबंध येतो कुठून? तर दोघांचा बाप एकच, पोरॉसिटी. गोळी जितकी जास्त दाबली तितकी आतली पोकळी कमी, कणाला कण जास्त चिकटलेला, म्हणून वेगही वाढतो आणि मोडण्याचा जोरही वाढतो. एकाच फॉर्म्युल्यात, एकाच ग्रॅन्युल साइजमध्ये ग्राफ काढला तर छान रेघ मिळते. पण बाइंडर बदला, मॅग्नेशियम स्टिअरेट (वंगण) जास्त वेळ मिक्स करा, की ती रेघ सरकते. म्हणजे एका प्रॉडक्टचं कॅलिब्रेशन दुसऱ्याला चालणार नाही. जो कुणी "आमचं मशीन डायरेक्ट हार्डनेस देतं" असं सांगतो त्याला विचारा की कुठल्या फॉर्म्युल्यावर शिकवलंय.

आवाजाची खरी ताकद आहे ती तडे शोधण्यात. टोपी उडण्याआधी आत आडवी भेग पडलेली असते, बाहेरून दिसत नाही. तिच्यात हवा असते आणि गोळीतून हवेत आवाज जवळपास जातच नाही, आदळून परत फिरतो. म्हणजे पल्स उभा, जाडीच्या दिशेने सोडला तर पलीकडे सिग्नल एकदम बारीक येतो किंवा वळसा घालून उशिरा येतो. तुमचा टेस्टर मात्र गोळी व्यासाच्या दिशेने दाबतो, त्या आडव्या भेगेचं त्याला फारसं काही वाटत नाही. तुमची गोळी आयपीक्यूसीत पास होऊन पॅनमध्ये मरते त्याचं एक कारण हे असू शकतं.

जुना_ऑपरेटर_बोईसर

लहरी सरांनी शास्त्र छान सांगितलं, पण टरेटभाऊ, आधी मला सांगा डाय (गोळी दाबायचे साचे) शेवटच्या कधी बघितल्या? टॉर्च मारून आत बघा, जिथे गोळी दाबली जाते तिथे रिंग पडलेली असते, बोटाला पण लागते. रिंग असली की गोळी बाहेर येताना त्या अरुंद गळ्यातून निघते आणि टोपी तिथेच सुटते. दुसरं, प्री-कम्प्रेशन (मुख्य दाबाआधीचा हलका दाब) किती ठेवलंय? बरेच जण ते नावालाच ठेवतात, हवा निघायला वेळच मिळत नाही. तिसरं, ग्रॅन्युल्सचा एलओडी, म्हणजे उरलेला ओलावा. ड्रायर जास्त चालला, माल खडखडीत सुकला की पॅरासिटामॉल टोप्या टाकणारच, त्याचा स्वभावच तसा, दाबलं की स्प्रिंगसारखं परत फुगतं. आणि फाइन्स (बारीक भुकटी) किती आहेत ते चाळून बघा.

अजून एक सांगतो. हार्डनेस कमी आला की आपली पोरं काय करतात, प्रेशर वाढवतात. पॅरासिटामॉलला एका मर्यादेपर्यंत हार्डनेस चढतो, मग तिथेच अडकतो, अजून दाबलं तर उलटा उतरायला लागतो कारण आतून गोळी फाटायला लागलेली असते. त्या चढावरून उतारावर कधी गेलो ते टेस्टरच्या दहा आकड्यांत कळत नाही. ४० चा ३० आरपीएम करून एक बॅच काढा, फरक दिसला तर तुमचं उत्तर फुकटात मिळालं, अल्ट्रासाउंड लागलंच नाही.

टरेट_४५

काका, डाय बदलल्या आहेत, प्री-कम्प्रेशन पण वाढवून बघितलं, थोडा फरक पडला पण पूर्ण गेलं नाही. ३० आरपीएमला प्लॅनिंगवाले तयार होत नाहीत, ते म्हणतात डिस्पॅच कोण देणार. एलओडीचा मुद्दा मात्र बरोबर वाटतोय, पावसाळ्यात त्रास कमी असतो आणि उन्हाळ्यात वाढतो असं शिफ्टमधले सगळेच म्हणतात, पण आकडे कुणी लावून बघितले नाहीत, आता काढतो.

लहरी सर, दोन शंका. एक, ट्रान्सड्यूसर लावायचा म्हणजे जेल लावावं लागणार ना, सोनोग्राफीला लावतात तसं? कोटिंग नसलेल्या गोळीला जेल लावलं तर ती फुगेल. दुसरी, मिनिटाला १८०० गोळ्या पळतायत तिथे हे कसं बसवायचं?

लहरी_माणूस

जेल नाही लावायचं. ड्राय कपलिंग करतात, ट्रान्सड्यूसरच्या तोंडाला मऊ रबरासारखा पातळ थर असतो आणि ठरावीक जोराने गोळीवर टेकवायचं. तो जोर दर वेळी सारखाच हवा, नाहीतर सिग्नलची उंची बदलते आणि आपल्याला वाटतं गोळीच खराब. वेळेच्या मोजणीवर त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून सुरुवातीला वेगावर भर द्यावा, उंचीवर नको. आणि जाडी नीट मोजा. ५ एमएमला ०.०५ एमएमची चूक म्हणजे वेगात एक टक्का आणि मॉड्युलसमध्ये दोन टक्के, म्हणजे तुमचा सगळा फरक तिथेच गिळला जाईल.

न टेकवता हवेतून पण करतात. पण हवा आणि गोळी यांच्या अकूस्टिक इम्पीडन्समध्ये (आवाजाला होणाऱ्या अडथळ्यात) इतका फरक आहे की हवेतून गोळीत शिरताना हजारातला एक भागसुद्धा धड आत जात नाही, आणि पलीकडून बाहेर येताना परत तेच. दोन्ही मिळून दहा लाखांतला एक भागसुद्धा पोचत नाही. तो सिग्नल पकडायला चांगले अ‍ॅम्प्लिफायर लागतात आणि शेजारी प्रेस धडधडत असताना ते काम सोपं नाही. त्यामुळे हवेतून करणारे बरेच जण आरपार पाठवण्याऐवजी अख्खी गोळीच कंपवतात आणि लेझरने तिच्या पृष्ठभागाची थरथर बघतात. प्रत्येक गोळीच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सी असतात, तुमच्या आकाराला पन्नास-शंभर किलोहर्ट्झच्या घरात. भेग असली की त्या खाली सरकतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात पॉट्सडॅमला क्लार्कसन विद्यापीठ आहे, तिथल्या चेतिन चेतिनकाया यांच्या ग्रुपने यावर बरीच वर्षं काम केलंय, फायझरच्या ब्रूस... सॉरी, ब्रुनो हॅनकॉक यांच्याबरोबर मिळून. नोटमध्ये ही नावं टाकलीत तर साहेबांना बरं वाटेल.

फ्रिक्वेन्सीबद्दल पण लक्षात ठेवा. १ मेगाहर्ट्झला गोळीत लहर लांबी दीड एमएम, ५ मेगाहर्ट्झला ०.३ एमएम. जास्त फ्रिक्वेन्सीला बारीक भेग दिसेल असं वाटतं, पण ०.३ एमएम म्हणजे तुमच्या ग्रॅन्युलच्याच आकाराच्या जवळ, मग लहर दाण्यादाण्यावर विखुरते आणि पलीकडे काहीच पोचत नाही. सुरुवात १ मेगाहर्ट्झच्या आसपास करा.

न्यूजर्सीकर

नमस्कार, मूळ नाशिकचा, इकडे फॉर्म्युलेशन डेव्हलपमेंटला आहे. लाइनवर बसवण्याबद्दल थोडं लिहितो.

तीन जागा आहेत. पहिली जागा पंचच्या, म्हणजे डायमध्ये गोळी दाबणाऱ्या दांड्याच्या आत. फिनलंडमध्ये कुओपिओच्या लोकांनी २०१० च्या सुमारास पंचमध्येच ट्रान्सड्यूसर बसवून गोळी दाबताना आरपार मोजून दाखवलं, क्लार्कसनवाल्यांनीही पुढे तसंच केलं. गणित तर जमतं. तुमच्या स्पीडला गोळी पूर्ण दाबलेली असते ती दहा-पंधरा मिलिसेकंद, आणि पल्स पार व्हायला तीन-चार मायक्रोसेकंद, म्हणजे एका गोळीत डझनभर वेळा सहज मोजता येईल. शिवाय दाब सुटताना भेग उघडते ती नेमकी त्याच वेळी दिसते. पण फिरत्या टरेटमध्ये (पंच-डाय बसवलेल्या चकतीत) ४५ जोड्या पंचमध्ये इलेक्ट्रॉनिक्स, वायरी, वर तेल आणि पावडर, कोण सांभाळणार? त्यामुळे असलं बहुतेक काम सिंगल पंच किंवा सिम्युलेटरवर झालेलं दिसतं.

दुसरी जागा म्हणजे नुसतं ऐकायचं, पल्स सोडायचाच नाही. याला अकूस्टिक एमिशन म्हणतात. कण फुटतो, भेग पडते तेव्हा तो स्वतःच आवाज करतो, आपल्या कानाला न येणारा. हे १९८० च्या दशकापासून करून बघतायत. टोपी सुटणाऱ्या गोळीचा दाब सुटताना किंवा बाहेर पडताना वेगळा स्फोटासारखा सिग्नल येतो. अडचण अशी की रोलर, कॅम, इजेक्शन सगळेच ओरडत असतात, त्या गोंगाटातून गोळीचा आवाज वेगळा काढायचा म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीचा फिल्टर आणि प्रत्येक स्टेशनशी टायमिंग जुळवणं आलं.

तिसरी आणि तुमच्यासारख्यांना परवडेल अशी जागा म्हणजे डीडस्टरनंतर (गोळ्यांची धूळ झाडणारं यंत्र) बाजूला एक छोटं टेबल, सॅम्पल घ्यायचा, मोजायचा. अॅट-लाइन. मिनिटाला १८०० नाही जमणार, पण १० ऐवजी ९० गोळ्या तरी बघता येतात, आणि त्या खराब होत नाहीत.

हे न खराब होणं किती मोठं आहे ते डेव्हलपमेंटला असल्यावर कळतं. गोळी डायमधून निघाल्यावर तासन् तास हळूहळू फुगत असते, ओलावा ओढते किंवा सोडते. आज १० फोडल्या, उद्या दुसऱ्या १० फोडल्या, फरक आला तर तो वेळेमुळे की गोळ्या वेगळ्या म्हणून? सांगताच येत नाही. आवाजाने तीच गोळी शून्य तासाला, सहा तासांनी, दुसऱ्या दिवशी, ४० डिग्री ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमधून काढल्यावर, पुन्हा पुन्हा मोजता येते. टरेटभाऊ, तुमचा माल दुसऱ्या दिवशी पॅनमध्ये जातो, फ्रायबिलिटी मात्र ताज्या गोळीची घेता. मधल्या रात्रीत आतली भेग वाढते का, हे तुम्हाला फोडून कधीच कळणार नाही. मी असतो तर पहिला प्रयोग हाच केला असता.

आणि एक, वेग दोन्ही दिशांनी घ्या. उभा आणि आडवा. चांगल्या गोळीत पण दोन्ही सारखे नसतात कारण आपण वरून-खालून दाबतो. पण प्रेशर वाढवत गेल्यावर आडवा टिकून राहिला आणि उभा मागे पडायला लागला तर समजा आत पदर सुटायला लागले. बोईसरच्या काकांनी तो चढ-उतार सांगितला ना, तो कधी ओलांडला हे या दोन आकड्यांच्या गुणोत्तरात बघायला मिळू शकतं.

क्यूए_वेर्णा

टरेट_४५, तुमच्या ऑडिटच्या प्रश्नावर लिहिते. आम्ही इकडे गोव्यात यूएस आणि युरोप दोन्हीच्या ऑडिटला तोंड देतो, त्यामुळे ही भीती मला माहीत आहे.

पहिली गोष्ट, "टेस्टर काढून टाकतो" असं नोटमध्ये लिहूच नका. तुमची हार्डनेसची लिमिट ही तुमची इन-हाऊस आहे, रजिस्टर्ड डॉसियरमध्ये (औषधाच्या परवान्याच्या फाइलमध्ये) गेलेली आहे, ती बदलायची तर चेंज कंट्रोल, मग ज्या ज्या देशात फाइल केलंय तिथे व्हेरिएशन, म्हणजे बदलाची मंजुरी. कुणीही त्या वाटेला जाणार नाही. पण जास्तीची माहिती म्हणून, ट्रेंड बघायला, डेव्हिएशनच्या तपासात पुरावा म्हणून वापरलं तर कुणी हरकत घेत नाही, उलट ऑडिटरला आवडतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने २००४ मध्येच पीएटीचं (प्रोसेस अ‍ॅनालिटिकल टेक्नॉलॉजी) गाइडन्स काढलंय, त्याचा सूरच असा आहे की प्रक्रिया चालू असताना समजून घ्या, शेवटी टेस्ट करून नाही. आणि नोव्हेंबर २०२३ ला आयसीएचचं (औषध नियमांची आंतरराष्ट्रीय परिषद) क्यू१४ मंजूर झालं, त्यात अशा मॉडेलवर चालणाऱ्या पद्धती कशा विकसित करायच्या आणि पुढे कशा सांभाळायच्या ते आहे. ते वाचा.

दुसरी गोष्ट डेटाची. अल्ट्रासाउंडच्या बॉक्सला जोडलेला लॅपटॉप, सगळ्यांचा एकच पासवर्ड, फाइल डेस्कटॉपवर, असं दिसलं की ऑडिटर बाकी सगळं सोडून तिथेच बसतो. एफडीएचा पार्ट ११ चा, इलेक्ट्रॉनिक नोंदींचा नियम १९९७ पासून आहे तरी अजून लोक तिथेच सापडतात. ऑडिट ट्रेल (कुणी कधी काय बदललं याची नोंद) नसेल तर ते उपकरण आर अँड डीच्या खोलीत ठेवा, उत्पादनाच्या खोलीत नेऊ नका. आणि एकदा मोजलं की ते रेकॉर्ड झालं, हे आधीच मान्य करा. ९० गोळ्या मोजल्या, त्यात सातांमध्ये भेग दिसली, आणि हार्डनेस पास आहे म्हणून बॅच पुढे सोडली, असं करता येणार नाही. काय दिसलं तर काय करायचं हे प्रोटोकॉलमध्ये सुरू करण्याआधी लिहून ठेवा, नंतर नाही.

फ्रायबिलिटीबद्दल, तुमची गोळी ६५० मिलिग्रॅमच्या आत असेल तर सॅम्पल साधारण साडेसहा ग्रॅमचा, म्हणजे तुमच्या अकरा-एक गोळ्या, १०० फेऱ्या, एक टक्क्याच्या आत. अकरा गोळ्यांवर ५४ हजारांचा निवाडा होतो. मी क्यूएची असून सांगते, ते पास झालं म्हणून माल चांगला असं मी तरी धरत नाही.

जुना_ऑपरेटर_बोईसर

मॅडम बरोबर बोलल्या. आणि १० गोळ्यांचं अजून एक. समजा ४५ मधलं एकच स्टेशन खराब आहे, एकाच डायला रिंग आहे. हॉपरखालून सहज १० उचलल्या तर त्यात त्या स्टेशनची गोळी असण्याची शक्यता किती? आमचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याला विचारलं, तो म्हणाला जेमतेम २० टक्के. म्हणजे पाच वेळा सॅम्पल काढला तर एकदा सापडणार, आणि सापडली तरी सरासरीत बुडणार. म्हणून मी कधीही टोप्यांची तक्रार आली की पूर्ण एक फेरा काढतो, ४५ च्या ४५, ट्रेमध्ये नंबरवार लावतो. ते अल्ट्रासाउंड आणलंत तर पहिल्यांदा असा फेरा मोजा. दोन फेरे काढा, दोन्हीत तेच स्टेशन खाली दिसलं तर पंच-डायचा दोष, दोष सगळीकडे विखुरलेला असेल तर ग्रॅन्युल्सचा. यात मॉडेल-बिडेल काही लागत नाही, आपल्याच गोळ्या आपल्याच गोळ्यांशी ताडून बघायच्या.

लहरी_माणूस

काका, हे तुम्ही एकदम नेमकं सांगितलंत. खरा आकडा माहीत नसला तरी फरक कळतो, आणि तपासाला फरकच लागतो.

एक सावध मात्र करतो. टरेटभाऊंची गोळी फुगीर आहे. ट्रान्सड्यूसर टेकतो तो मधल्या उंचवट्यावर, आणि टोपीची भेग बऱ्याचदा सुरू होते ती कडेला, जिथे फुगवटा संपून सरळ पट्टी सुरू होते तिथे. भेग लहान असताना मधून जाणारा पल्स तिला चुकवून निघून जाईल आणि गोळी चांगली दिसेल. सपाट गोळीवर केलेल्या पेपरमधले निकाल इकडे जसेच्या तसे लावू नका. यावर दोन उपाय, एकतर आडव्या पट्टीवर वेगवेगळ्या कोनांत मोजा, पण त्या दिशेला आडवी भेग कमी दिसते हे मी वर लिहिलंच आहे, किंवा अख्खी गोळी कंपवण्याची पद्धत, तिला कडेची भेग पण जाणवते. गोळीवर एका बाजूला कंपनीचा लोगो किंवा ब्रेकलाइन असेल तर ती बाजू कायम एकाच ट्रान्सड्यूसरकडे ठेवा.

आणि अजून एक. कंपवण्याच्या पद्धतीत गोळी कशावर ठेवली आहे त्यानेही आकडा हलतो, तीन टोकांवर ठेवा, सपाट प्लेटवर नको.

टरेट_४५

एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, खूप आभार. साहेबांना नोटमध्ये लिहितोय की हार्डनेस टेस्टर जागेवरच राहील, आधी एलओडी आणि टोप्यांचा गेल्या सगळ्या बॅचचा हिशेब, मग ४५ चे दोन फेरे, आणि उपकरण विकत न घेता डेमोला मागवून आर अँड डीत तीच गोळी ताजी आणि दुसऱ्या दिवशी, दोन्ही दिशांनी. क्यूए ताई, प्रोटोकॉल आधी लिहून घेतो.

एकच राहिलं. डेमोवाला विचारतोय की मोडलेल्या गोळ्यांचे पण सॅम्पल द्या, तुलनेला. टोपी पूर्ण उडालेल्या देऊ का?

न्यूजर्सीकर

नको, उडालेल्या तर डोळ्यांनी पण दिसतात, त्यावर कुठलंही यंत्र पास होईल. तुमच्या प्रेसवर मुद्दाम प्री-कम्प्रेशन शून्य करून थोड्या काढा, थोड्या नेहमीच्या सेटिंगच्या, आणि थोड्या प्रेशर चढवून. तिन्हीला फक्त ए बी सी लिहा, कुठली कुठली ते त्याला सांगू नका. आवाजाने मोजून झाल्यावर त्याच गोळ्या फ्रायबिलेटरमध्ये टाका, पण १०० फेऱ्यांवर थांबू नका, टोपी उडेपर्यंत फिरवा आणि कितव्या फेरीला उडाली ते लिहा. गोळीवर पेन्सिलने नंबर टाकता येतो, शाई नको, ती आत शिरते.

जुना_ऑपरेटर_बोईसर

आणि प्री-कम्प्रेशन शून्य करायच्या आधी सुपरवायझरची सही घ्या रे बाबा, आणि तो माल लाल डब्यात. नाहीतर पुढचा धागा "चुकून ट्रायलचा माल पॅनमध्ये गेला" असा टाकाल.